तुडुमाभोवतीचे वेल

न पडती उत्तरा, तर भात मिळेना पितरा, असं म्हणतात. त्या साली पितरांना भात मिळाला, कारण कणग्यांत जुना तांदूळ होता. पण उत्तरा काही पडल्या नाहीत. लढाईचं साल होतं. पंचायतीच्या रेडिओवर बातम्या लागत, तेव्हा ऐकायला जमलेली माणसं कान रेडिओला देत आणि डोळे आभाळाला. लढाई थांबल्याची बातमी आली त्या दिवशीही कोणी फारसं हललं नाही. म्हातारा महागू म्हणाला, ते झालं ठीक, पण पाण्याचं काय सांगितलं?

गाव राजेगावच्या रस्त्यापासून आत दोन कोसांवर. गावाच्या डोक्याशी तळं, तळ्याच्या मातीच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. धान पोटरीत आलं होतं आणि बांध्यांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तळ्यात मात्र पाणी होतं. आणि त्या पाण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत डोमाजी ढिवराचे शिंगाडे पसरले होते.

ढिवरांची गावात तीन घरं होती, पण तळ्याचा मान डोमाजीच्या घराचा. त्याचं कारण तुडुम. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर जायचं जे दगडी तोंड, त्याला तुडुम म्हणत. ते तळ्याच्या सगळ्यांत खोल जागी, भरल्या पावसाळ्यात दोन पुरुष पाण्याखाली असे, आणि त्यात सागवानी लाकडाचा मांडीएवढा गुट्टा ठोकलेला असे. धानाला पाणी हवं झालं की कोणीतरी बुडी मारून तो गुट्टा काढायचा आणि काम झालं की बुडी मारून परत बसवायचा. हे काम डोमाजीच्या आजापासून त्या घराकडे होतं, आणि त्याच्या बदल्यात तळ्यात शिंगाडा लावायचा हक्क त्या घराचा. कागद नव्हता. मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं, तरी कागद कोणी मागितला नाही, कारण त्या गुट्ट्याशी जाऊन परत वर येणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

डोमाजी आता पन्नाशीला टेकला होता. बुड्या मारून मारून त्याचे कान वाहायचे. बायको दुर्गाबाई कापसात कडू तेल लावून ते कानात कोंबायची आणि म्हणायची, तुम्हाले हाक मारणं म्हणजे गावाले हाक मारणं आहे. तो हसायचा. त्याला ऐकू आलं म्हणून हसला की नाही म्हणून, ते तिला कळत नसे.

दुर्गाबाई सकाळी उजाडताच पाण्यात उतरायची. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक वेल उलटा करायचा, पानाखालचे तांबडे किडे चिमटीत धरून चिरडायचे, वेल पुन्हा सरळ करायचा. पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतायची, कमरेला जळवा लागायच्या. दुपारी बाहेर आली की पदर पिळायची, जळवांवर मीठ टाकायची आणि जेवून परत पाण्यात. डोमाजीचा धाकटा भाऊ फकिरा डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, दुसरी बाजू सांभाळायचा. सहा-सात जणांचं काम तिघांनी करायचं म्हटल्यावर पाठीला बाक येणारच, पण त्या साली तिची तक्रार नव्हती. वेल असे धरले होते की पाणी दिसत नव्हतं.

एक दिवस तिनं एक शिंगाडा तोडून दातांनी फोडला. आत नुसतं दूध. साय धरायलाही अजून वेळ होता. अजून महिनाभर पाणी असंच उभं राहिलं पाहिजे, मग दुधाची गिरी होईल, कार्तिकी एकादशीला बालाघाटच्या बाजारात पोती जातील, आणि जड, काळे पडलेले दाणे बेण्यासाठी मडक्यात राहतील. महिनाभर. तिनं ते दूध थुंकलं नाही, गिळून टाकलं.

टिकाराम पटेल पाळीवर आले ते हस्ताच्या दुसऱ्या दिवशी. हातात छत्री होती, आणि कोरड्या आभाळाखाली ती धरल्याची त्यांनाच लाज वाटत असावी, कारण त्यांनी ती पाठीमागे लपवली होती. पटेल वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, असं दुर्गाबाईला पुढं कितीदा तरी वाटलं. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

त्यांनी आधी कानाची चौकशी केली, मग शिंगाड्याची. मग बांध्यांकडे बोट केलं.

"डोमा, धानाले पाणी द्या लागते बाप्पा."

"पटेल, सिंगाड्यात दूध आहे अजून. वीस-पंचवीस रोज थांबा. मंग सारा तलाव सोडून देतो."

"मी थांबतो. धान थांबन का? पोटरीत वाळून गेलं त मंग पाणी कोणाले पाजू?"

पटेलांनी खाली बसून एक ढेकूळ उचललं, हातात चुरलं.

"तू नाही म्हणशील त मी का करीन? मले त बुडता येत नाही. पण गाव म्हणन, ढिवर तलाव खाते, आन पाणी मागाले गेलं त दार लावते."

आवाज चढवला नव्हता. पण गाव म्हणन, या शब्दांनी काम झालं. ज्या बोलीवर तळं मिळालं होतं त्या बोलीतच हे पाणी होतं; बोली मोडली की तळंही मोडलं. पाण्यात उभी असलेली दुर्गाबाई हे सगळं ऐकत होती आणि डोमाजीच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी ठरलं ते असं की दोन दिवस नि दोन रात्री पाणी सोडायचं, तिसऱ्या सकाळी गुट्टा बसवायचा. अर्धं तळं राहील. धानाला एक पाणी मिळेल, वेल अर्ध्या पाण्यात तग धरतील, आणि स्वातीत धानाला लागलं तर आणखी थोडं. पडल्या स्वाती तर पिकतील माणिकमोती, पटेल उठता उठता म्हणाले. मोत्यांना आपण कुठं नाही म्हणतो, असं दुर्गाबाई पुटपुटली, पण ते पाण्यालाच ऐकू गेलं.

त्या संध्याकाळी जेवताना डोमाजीनं तिला एकच गोष्ट सांगितली. "तुडुमाजवळचे वेल उद्या उपटून टाकजो. मुळासकट. एकबी ठेवू नोको."

ती हौ म्हणाली आणि ताटातला भात नुसता चिवडत राहिली. कारण तुडुमाजवळ वेल असायलाच नको होते. तुडुमाच्या चारी बाजूंना दहा हात पाणी मोकळं ठेवायचं, ही सासऱ्यापासूनची शिस्त होती. वेल लावले ते तिनं, आषाढात. लावणीच्या शेवटच्या दिवशी दोन टोपल्या रोप उरलं होतं. डोमाजी फेकून दे म्हणाला होता. पण माघापासून मडक्यात पाणी बदलून, डबक्यात वाढवून, पोरीसारखं जपलेलं रोप काठावर वाळायला टाकायचं तिच्या हातानं झालं नाही. डोमाजी डोंगा घेऊन पलीकडे गेल्यावर तिनं ते त्या मोकळ्या पाण्यात लावलं. इतक्या खोल पाण्यात तिचा पाय तळाला पुरत नव्हता, म्हणून एकेका रोपाला मातीचा गोळा बांधून सोडलं. भादव्यात डोमाजीनं बघितलं तेव्हा तो थोडा बडबडला, काढून टाक म्हणाला आणि विसरला. तीही विसरली, म्हणजे विसरल्यासारखं केलं. त्या थंड पाण्यावर वेल असे माजले होते की तळ्यात सगळ्यांत जाड शिंगाडे तिथले होते.

दुसऱ्या दिवशी ती डोंगा घेऊन एकटी गेली. फकिराला सोबत घेतलं नाही. डोंग्यात पालथं पडून एक वेल हातात धरला, ओढला. खालून तो घट्ट होता. आणखी जोर लावला तर वरचं पानांचं चक्र शिंगाड्यांसकट फाटलं असतं. तिनं हात सैल केला. मग तिला सुचलं ते असं: वरची चक्रं तेवढी खुडून घ्यायची. शिंगाड्याचं चक्र पाण्यावर तरंगतं, खालची दांडी तुटली तरी दुसऱ्या वेलाला बांधून ठेवलं तर महिनाभर जगतं, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणजे तुडुमावरचं पाणीही मोकळं झालं आणि शिंगाडेही वाचले. तिनं दिवसभर बसून एकेक चक्र देठापाशी नखानं खुडलं, डोंग्यात रचलं आणि पलीकडच्या वेलांना पळसाच्या सालीनं बांधून आली. संध्याकाळी तुडुमावरचं पाणी आरशासारखं मोकळं दिसत होतं. डोमाजीनं पाळीवरून बघितलं आणि मान हलवली.

खाली पाण्यात काय राहिलं, ते वरून दिसत नव्हतं. चक्राच्या आधारानं ताठ उभ्या असलेल्या दांड्या, आता डोकं नसल्यामुळे तळाशी लोळत पडल्या होत्या.

गुट्टा काढायच्या सकाळी सगळा गाव पाळीवर होता. पटेलांच्या घरून नारळ आला. डोमाजीनं धोतर सोडून लंगोटी कसली, कानात तेलाचा बोळा घातला, कमरेला दोरी बांधून फकिराच्या हातात दिली आणि डोंग्यातून खाली गेला. दुर्गाबाई दरवेळी त्याच्याबरोबर श्वास धरायची. यावेळी तिचा श्वास संपला, तिनं दुसरा घेतला, तोही संपत आला, तेव्हा खालच्या काळोखातून तो वर आला. पाळीच्या दुसऱ्या अंगाला पाण्याचा आवाज झाला. माणसं तिकडे धावली. गढूळ पाणी पाटात घुसलं आणि भेगांमध्ये शिरताना बुडबुड करायला लागलं. म्हातारा महागू पाटात पाय टाकून बसला आणि उगाच हसत राहिला. खोटं कशाला बोलायचं, दुर्गाबाईलाही बरं वाटलं. धान वाळताना बघणं कोणाला आवडतं?

दोन दिवसांत पाणी उतरलं ते ठरल्याप्रमाणे. वेल वाकडे झाले, पण बुडाशी पाणी होतं. तिसऱ्या सकाळी डोमाजी गुट्टा घेऊन परत उतरला. गुट्टा तुडुमाच्या तोंडाशी नेऊन बाजूनं सोडायचा, मग पाण्याची ओढच तो आत बसवते. फक्त पाय दूर ठेवायचा. दर साली एका बुडीचं काम.

तो वर आला तेव्हा गुट्टा हातातच होता. परत गेला. परत आला. चौथ्या बुडीनंतर तो डोंग्याची कड धरून नुसता खोकत राहिला. मग पाणी निम्म्यावर आलं होतं म्हणून फकिराही गेला आणि वर येऊन ओरडला, "दादा, भोकात वेल शिरले. गुट्टा बसूनच नाही राह्यला."

दांड्या पाण्याच्या ओढीनं तोंडात खेचल्या गेल्या होत्या, एकीत एक गुंतून, केसांच्या गुंतवळासारख्या. दोन्ही हातांनी ओढल्या तरी पाणी त्यांना आत ओढत होतं. डोमाजीनं कोयता मागितला. परत खाली गेला. यावेळी फार वेळ लागला. फकिरा दोरी ओढायला लागला तसा तो वर आला, आणि त्याच्या मुठीत चार-पाच दांड्या होत्या. श्वास घेत घेत त्यानं त्यांची टोकं बघितली. चक्राच्या जागी नखानं खुडल्याची तिरपी खूण होती. ढिवराला अशी खूण ओळखायला दिवा लागत नाही. त्यानं मान वर करून पाळीवर उभ्या दुर्गाबाईकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आणि दांड्या पाण्यात सोडून परत बुडी मारली.

दुपारपर्यंत तो उतरत राहिला. लोकांनी तणसाच्या पेंढ्या आणल्या, मातीची पोती आणली, एकानं जुनं गोधडं आणलं. जे टाकलं ते पाण्यानं गिळलं किंवा बाजूला फेकलं. पटेल स्वतः गुडघाभर चिखलात उभे राहून हाका मारत होते आणि पाण्याबाहेरून काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. शेवटच्या बुडीत डोमाजीच्या उजव्या कानातून रक्त आलं. फकिरानं दोरी सोडायला नकार दिला. तेव्हा डोमाजी पाळीवर बसला, गुट्टा मांडीवर घेऊन, आणि तळं उतरताना बघत राहिला. दुर्गाबाई त्याच्यापासून चार हात दूर बसली. त्याच्या कानातलं रक्त पुसायला जायचं तिला धैर्य होईना.

पाचव्या दिवशी तळं रिकामं झालं. बांध्यांमधून जास्तीचं पाणी नाल्यात गेलं आणि नाल्यातून वैनगंगेच्या वाटेला लागलं.

तळं आटलं की ते गावाचं, ही पण रीतच. मासे धरायला सगळा गाव चिखलात उतरला. टोपल्या, जुनी लुगडी, हाती लागेल ते घेऊन माणसं वेल तुडवत फिरत होती. बायका चिखलात पडलेली चक्रं उलटी करून शिंगाडे तोडत होत्या, चावत होत्या आणि दूध निघालं की तोंड वाकडं करून टाकून देत होत्या. तुळसाबाई पटलीण पाळीवरूनच दुर्गाबाईला म्हणाली, घेऊ का वो चार? आणि घेऊन झाल्यावर म्हणाली, ह्यात तर काहीच नाही. दुर्गाबाईनं घ्या म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार?

ती आणि फकिरा घमेल्यात चिखलासकट वेल भरून घरामागच्या खड्ड्यात नेत होते. घर बांधताना माती काढलेला तो खड्डा होता, दोन खाटांएवढा. त्यात वेल टाकायचे, विहिरीचं पाणी ओढून भरायचं, रात्रीतून ते जमिनीत मुरायचं, सकाळी परत भरायचं. तीस-चाळीस घागरी. हाताला दोराचे फोड आले, फुटले, परत आले. बाकीचे हजारो वेल तळ्याच्या चिखलात उन्हानं कुजले, त्यांचा वास दिवाळीपर्यंत गावात होता. खड्ड्यातले निम्मे कुजले. निम्मे जगले. डोमाजी ओसरीवर बसून तिची ये-जा बघायचा. उजव्या कानानं त्याला आता काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्यानंही ओरडून सांगावं लागे.

ती रोज मनात वाक्य जुळवायची, आणि रोज घागर उचलायची.

धान कापणीला आलं तेव्हा पाण्याचा हिशेब गावाला कळला. वरच्या बांध्यांना एक पाणी मिळालं तेवढंच. स्वाती पडल्या नाहीत आणि दुसरं पाणी द्यायला तळं नव्हतं. खालच्या बांध्यांत पाणी तुंबून धान लोळलं. निम्म्याहून जास्त लोंब्या फोल होत्या. गुरांना उन्हाळ्यात प्यायला काय, हा प्रश्न तर कोणी अजून तोंडावर आणलाच नव्हता. माणसाला एवढं सगळं आभाळावर टाकता येत नाही. आभाळ पंचायतीत येऊन बसत नाही.

पटेलांच्या आवारात सभा भरली. बायका भिंतीकडे उभ्या होत्या, दुर्गाबाई त्यांच्यात. डोमाजी मध्ये उकिडवा बसला होता, डावा कान पटेलांकडे करून. पटेलांना त्यामुळे मोठ्यानं विचारावं लागलं, आणि मोठ्यानं विचारलेली गोष्ट आपोआपच रागाची वाटते.

"तुडुमाजवळ वेल कोणं लावले, डोमा?"

"म्या लावले."

"फकिरा म्हणते, वेलाले मुंडके नोहते. ते कोणं खुडले?"

"म्याच खुडले. हाव सुटली, पटेल."

फकिरानं चमकून भावाकडे बघितलं, मग भिंतीकडे. दुर्गाबाईच्या तोंडात पदराचा बोळा होता. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर सगळं बोलता आलं असतं. तिनं ते टाकलं नाही. सभेत बायका बोलत नाहीत हे खरं, पण त्या दिवशी तिला अडवलं ते रीतीनं नाही, भीतीनं. आणि हे तिला तेव्हाही कळत होतं.

कोणी डोमाजीला मारलं नाही, दंडही लावला नाही. महागू म्हणाला, तीस वर्षं ह्यानं पाणी दिलं. सगळ्यांनी मान हलवली. मग पटेल म्हणाले की पुढच्या सालापासून तळ्याचं काम हट्टा गावच्या शालिकराम ढिवराकडे द्यावं, तरणा आहे, दम आहे. आणि डोमाचे कानही आता पाण्याचे राहिले नाहीत. त्यालाही सगळ्यांनी मान हलवली. डोमाजीनंही हलवली. त्याला ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे.

घरी आल्यावर तिनं त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काहून घेतलं आपल्यावर?"

"मंग का करतो? तुहं नाव घेतलं असतं त पाणी वापस आलं असतं का?"

ती रडली. त्यानं तिला रडू दिलं आणि चूल तोच पेटवायला गेला.

खड्ड्यातल्या वेलांनी शेवटी एक मडकंभर दाणे दिले. काळे, जड, पाण्यात टाकले की थेट तळाला जाणारे. दुर्गाबाईनं ते पाण्याच्या मडक्यात ठेवले आणि आठ दिवसांनी पाणी बदलत राहिली. कशासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. माघात त्यांना पांढरे कोंब फुटले.

तेव्हाच शालिकराम आला. पंचविशीचा, रुंद छातीचा, नवीन बनियन घातलेला. आल्या आल्या दोघांच्या पाया पडला, पाटावर न बसता जमिनीवर बसला. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग बशीत बघत म्हणाला, "काकी, बेणं पाहिजे होतं. आमच्या तिकडचं किड्यानं गेलं."

ढिवराच्या घरी बेण्याला नाही म्हणत नाहीत. ते विकतही नाहीत. पाण्याबाहेर ते मरतं आणि पाण्यात ते थांबत नाही. ज्याच्याकडे तळं त्याला ते द्यायचं, एवढंच. दुर्गाबाई उठली आणि मडकं घेऊन आली. डोमाजीनं ते बघितलं.

"चार दाणे ठेव," तो म्हणाला.

"कोठी लावाचे?" तिनं विचारलं.

त्याला ऐकू आलं असावं, कारण त्यानं मडक्यावरची नजर काढली. तिनं मडकं जसंच्या तसं शालिकरामच्या पुढं ठेवलं. आठ रोजांनी पाणी बदलजो, उन्हात ठेवू नोको, कोंब मोडले तर रोप बारीक येते, असं सगळं सांगितलं. सांगताना आवाज नीट होता. शालिकराम मन लावून ऐकत होता, पोरगा भला होता. पटेलही भले, हाही भला. आपल्या नशिबी सगळी भलीच माणसं, असं तिच्या मनात आलं.

मडकं डोक्यावर घेऊन तो दारात थांबला. "काकी, मिरगाच्या मागून लावणी करीन. मले इथला तळ मालूम नाही, कोठी गाळ, कोठी गोटा. तुम्ही याजो लावाले. रोजी देईन."

तिनं चहाची रिकामी बशी उचलली. मग म्हणाली, "येईन."

तो निघाला. ओसरीवरून डोमाजीनं विचारलं, का म्हणे तो? तिनं सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं कानामागे हात धरला. तेव्हा ती ओरडली, "लावाले बलावते. रोजीनं." समोरच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांचे दोर थांबले.

डोमाजी समजल्यासारखी मान हलवत राहिला. मग त्याचं तोंड जरा उजळलं.

"मले बी बलावलं का?"

दुर्गाबाईनं तोंडातून शब्द न काढता मान हलवली, हौ. आणि पदर खोचून ती वाटेवर आली आणि विहिरीवरच्या बायकांसमोरून धावत सुटली. शालिकराम नाल्यापाशी पोचला होता. तिची हाक ऐकून तो मडकं सावरत थांबला.

"काकालेबी घेजो," ती धापा टाकत म्हणाली.

तो गोंधळला. "काकी, काकाले पाण्यात कसा उतरवू? त्याहिचे कान..."

"पाण्यात नोको. पाळीवर बसतीन. रोजी नोको देऊ. नुसतं चाला म्हणजो तू, त्याहिले. येऊन म्हणजो."

शालिकरामनं डोक्यावरच्या मडक्याचा हात बदलला. पाळीवर बसायला कोण कोणाला नाही म्हणतं, असं तो हळूच म्हणाला, आणि मिरगात येऊन आपण स्वतः काकाला घेऊन जाऊ असंही म्हणाला. तिनं मान हलवली. तो नाला उतरून पलीकडे चढेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, मग घराकडे वळली, कारण डोमाजी अंगणात येऊन उभा होता आणि खुंटीवरची लंगोटी काढून उन्हात वाळत घालत होता.